रानभाज्यांची नोंदवही पावसाळ्यात लिहा, आणि चुलतीला विचारून लिहा : आपल्या ग्रामसभेला खुलं पत्र

सरपंच ताई, भाऊसाहेब, जैवविविधता समितीतले सगळे सदस्य, शाळेतले गुरुजी आणि मॅडम, आणि ग्रामसभेला येणारी-न येणारी सगळी मंडळी,

राम राम.

मी आपल्याच गावची. नोकरीमुळे नाशिकला असते पण पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी गावाला येते हे तुम्हाला माहितीये, आल्यावर चुलतीच्या मागे मागे रानात फिरते हे पण माहितीये. बोलायचं होतं ते ग्रामसभेत बोलता आलं असतं, पण तिथे घरकुल, पाणी, रस्ता यातच वेळ जातो आणि ते विषय महत्त्वाचे आहेतच, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं, सगळ्यांना निवांत वाचता येईल.

विषय आपल्या जैवविविधता नोंदवहीचा आहे, म्हणजे गावातली झाडं-वेली आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेली माहिती लिहून ठेवायची गावाची सरकारी वही.

मागच्या दिवाळीत मी ऑफिसमध्ये ती वही मागितली. भाऊसाहेबांनी कपाटातून काढून दिली, त्यांचे आभार, ते तर आत्ता बदलून आलेत त्यांचा यात काही दोष नाही. मी ती वही ऑफिसच्या ओट्यावर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. त्यात कुर्डू आहे, टाकळा आहे, तांदुळजा आहे, ठीक. पण चाईचा मोहर नाही. फोडशी नाही. कडूकंद नाही. आपल्या डोंगरात मी जन्मात पाहिली नाहीत अशी दोन-तीन झाडं मात्र आहेत, बहुतेक दुसऱ्या कुठल्या तरी गावाची यादी समोर ठेवून लिहिलेली असावीत. माहिती देणाऱ्यांच्या रकान्यात सात नावं, सातही पुरुषांची. आणि तारीख जानेवारी 2020.

ही तारीख का आहे ते मला नंतर कळलं. जैवविविधता कायदा 2002 सालचा, त्यात प्रत्येक गावाने समिती करायची आणि लोकांना विचारून नोंदवही करायची असं लिहिलंय. कित्येक वर्षं देशभर हे काम झालंच नाही. मग प्रकरण राष्ट्रीय हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालतात त्या न्यायालयात गेलं आणि लवादाने 31 जानेवारी 2020 ही शेवटची मुदत दिली, नाही झालं तर राज्याला महिन्याला 10 लाख दंड. मग जी पळापळ झाली त्यात बाहेरची माणसं आली, दोन दिवस थांबली, वह्या भरून गेली. मुदत पाळली गेली, पण जानेवारीत आपल्या रानात रानभाजी असते कुठे हो? सगळं वाळलेलं असतं, कंद जमिनीत झोपलेले असतात. ज्या महिन्यात काहीच दिसत नाही त्या महिन्यात ती वही लिहिली गेली, आणि जिला ते न दिसताही कुठे काय आहे ते ठाऊक आहे तिला कुणी विचारलंच नाही. चुलतीला मी विचारलं, तुझ्याकडे आलं होतं का कुणी? ती म्हणाली, "आलं व्हतं, पाणी पिऊन गेलं."

मला कुणावर आळ घ्यायचा नाहीये, खरंच नाही. पण ती वही आज आपल्या गावच्या ज्ञानाची एकमेव सरकारी नोंद आहे. आणि गावात हे नीट जाणणाऱ्या आता किती जणी उरल्यात मोजून बघा, आपल्या वाडीत तीन, ठाकरवाडीत दोन म्हाताऱ्या आणि एक बाबा. मागच्या तीन वर्षांत दोघी गेल्या. त्यातली एक माझी आजी.

आता नुसती नावं लिहून का भागत नाही ते सांगते, म्हणजे माझा आग्रह कशासाठी आहे ते कळेल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीच होता. भावाची पोरं शाळेतून आल्यावर ओढ्याच्या वरच्या अंगाला कंद खणायला गेली, मी पण सोबत होते. वेल सगळे वाळून गेलेले, पानं नाहीत, नुसत्या काड्या झुडपात अडकलेल्या. पोरांनी एका काडीचा माग काढत खणलं आणि चांगला हातभर खाली गेल्यावर एक कंद निघाला, पोरं खूष, धुवून भाजायची तयारी सुरू. मी मोबाईलवर फोटो काढला, त्या झाडं ओळखायच्या ॲपमध्ये टाकला, त्याने काहीतरी रताळ्यासारखं नाव दाखवलं. घरी आलो तर चुलती दारातच बसलेली, तिने तो कंद हातात घेतला, फिरवला, आणि एकदम उकिरड्याच्या पलीकडे भिरकावून दिला. पोरांना हात साबणाने धुवायला लावले. मग आम्हाला बसवून दाखवलं, तो कंद सरळ नव्हता, मधेच वाकून त्याला दोन टोकं आली होती, नांगरासारखा. ती कळलावी होती. खड्यानाग म्हणतात तीच. भाद्रपदात लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलं येतात आणि पानाच्या टोकाला वेटोळं असतं, तेव्हा ती कुणालाही ओळखता येते, पण जानेवारीत ना फूल ना पान. तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचं विष असतं, त्याने माणूस मरतो. संस्कृतात तिला लांगली म्हणतात, लांगल म्हणजे नांगर, हे मला नंतर वाचून कळलं. चुलतीला संस्कृत येत नाही, तिला तिच्या सासूने कंद हातात देऊन दाखवलं होतं एवढंच.

आपल्या नोंदवहीत कळलावी आहे. "औषधी वनस्पती" या मथळ्याखाली. फक्त नाव. पुढे एक शब्द नाही.

मंडळी, हे वाचून तरी कळेल की यादी आणि ओळख यात किती अंतर आहे. त्या दिवशी चुलती दारात नसती तर? मी हा विचार पूर्ण करू शकत नाही.

दुसरं उदाहरण फोडशीचं. तिला कुणी कुलू म्हणतं, कुठे काल्ला म्हणतात, गाव बदललं की नाव बदलतं. पहिल्या पावसानंतर गवतासारखी हिरवी पात वर येते, बुडाशी पांढरी. तशीच पात रानकांद्याची पण येते, आणि रानकांदा विषारी, त्याचा परिणाम थेट हृदयावर होतो. नवख्याला उभ्याने दोन्ही सारखंच दिसतं. चुलतीचं सांगणं असं की शंका आली तर एकच रोप मुळासकट उपटून बघायचं, खाली कांदा निघाला तर हात लावायचा नाही, जाडजूड मुळ्यांचा झुबका निघाला तर फोडशी. एका वाक्यात झालं. पण हे वाक्य कुठल्या पोस्टरवर मी अजून वाचलेलं नाही. आणि मग निवडताना मधला टणक दांडा काढून टाकायचा, माती फार असते म्हणून तीन-चार पाण्याने धुवायची, हरभऱ्याची डाळ किंवा बेसन लावून करायची, ते पण तिनेच शिकवलं.

शेवळाचं तर अजून अवघड. कोवळं शेवळं बघितलंत ना, जमिनीतून भाल्यासारखं वर येतं, जांभळट तपकिरी. त्याचं वरचं पान सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, आणि काकडाची फळं नाहीतर चिंच घातल्याशिवाय शिजवायचं नाही. का, तर त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात आणि खाज सुटते. काकडाचा झाडपाला, शेवळं आणि पाऊस हे तिन्ही एकाच सुमाराला येतात, म्हणून आपल्या म्हाताऱ्यांनी ही जोडी जमवली. आता मला सांगा, नोंदवहीत शेवळं एका पानावर आणि काकड दुसऱ्या पानावर, "वृक्ष" या भागात, तर वाचणाऱ्या पोराला त्या दोघांचं नातं कळणार कसं? उद्या रस्त्याच्या कामात काकडाचं झाड तोडलं तर कुणाला वाटणारही नाही की आपण एक भाजी तोडली.

कडूकंदाचं मी लहानपणी डोळ्याने बघितलंय. आजी त्याच्या पातळ चकत्या करायची, राख घालून उकडायची, मग टोपलीत भरून ती टोपली रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगड ठेवून दाबून ठेवायची. सकाळी एक चकती जिभेला लावून बघायची, कडू लागली की परत पाण्यात. तिने दुष्काळात यावरच दिवस काढले होते, 72 च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगताना तिचा हात नकळत त्या टोपलीचा आकार करायचा. हे सगळं आता कोण करतं? कुणी करावंच असं माझं म्हणणं नाही, रेशनचा तांदूळ मिळतोय ते चांगलंच आहे. पण कुठला कंद कसा खाण्याजोगा होतो हे शोधायला किती पिढ्या आणि किती पोटदुख्या गेल्या असतील, ते एका पिढीत असं टाकून द्यायचं?

औषधाच्या बाबतीत मला जरा जास्त काळजीने लिहायचंय. भारंगीचा कोवळा पाला उकळून पाणी टाकून भाजी करतात, खोकल्या-दम्याला चांगली म्हणतात. पांढऱ्या कुड्याच्या शेंगांची आणि फुलांची भाजी होते, सालीचा काढा हगवणीवर देतात, पण काळा कुडा वेगळा, आणि साल घेताना लोक दोघांत गफलत करतात. गुळवेल तर करोनात घरोघरी उकळली गेली. 2021 मध्ये मुंबईच्या काही डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं मांडलं आणि आयुष मंत्रालयाचं म्हणणं आलं की वेल नीट ओळखली गेली नसावी, तिच्यासारखी दिसणारी दुसरी पण असते. मला वाटतं दोन्ही बाजूंचं ऐकून एकच गोष्ट निघते, ओळख पक्की नसेल तर काढा नको, आणि पक्की असली तरी आधीच आजार असलेल्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. साप चावला तर झाडपाला लावत बसायचं नाही, सरळ ग्रामीण रुग्णालय, तिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन असतं. ठाकरवाडीतल्या आपल्या जाणत्या बाबांना पण मी हे तोंडावर सांगितलंय आणि त्यांनी मान्य केलंय, आता ते स्वतःच गाडी बोलवायला सांगतात. जाणत्या माणसाला आपली हद्द कळते, म्हणून तर तो जाणता.

आणि त्याच करोनाच्या वर्षी आपल्याकडे एक पिकअप यायची आठवतंय? गुळवेल किलोवर घेऊन जायची, भाव अगदी पडेल. पोरांनी झाडांवरच्या जुन्या मनगटाएवढ्या वेली बुडापासून कापून दिल्या. त्या वेलींना वरून मुळ्या सुटलेल्या असतात, जरा तुकडा शिल्लक ठेवला असता तर परत वाढली असती, पण कुणी सांगितलं नाही. माझं म्हणणं हे की व्यापारासाठी नेणाऱ्याकडून शुल्क घ्यायचा अधिकार कायद्याने आपल्या समितीला आहे. जैवविविधता कायद्याच्या कलम 41 मध्ये आहे. वनहक्क कायदा 2006 चा आहे, गौण वनोपजावर, म्हणजे इमारती लाकूड सोडून रानातल्या बाकी मालावर, गावाचा हक्क आहे, आणि आपण पेसात आहोत, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली. हे सगळं असून पिकअपवाल्याला कुणी नावही विचारलं नाही. नरक्या या झाडाचं उदाहरण सह्याद्रीत सगळ्यांना माहितीये, कॅन्सरच्या औषधाला लागतो म्हणून चोरून किती तोडला गेला. म्हणून नोंदवहीत जी झाडं दुर्मिळ आहेत त्यांची नेमकी जागा उघड लिहू नका, ते पान समितीकडे बंद ठेवा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

रानभाजी महोत्सवाबद्दल पण बोलते. 9 ऑगस्टच्या आसपास तालुक्याला भरतो, आपल्या बचत गटाच्या बाया टोपल्या घेऊन जातात, छान वाटतं, विक्री होते, शहरातली माणसं कौतुकाने विचारतात. तो बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, माझ्या चुलतीला तिथेच पहिल्यांदा कुणीतरी माईक दिला. पण ताटात शिजून आलेली भाजी बघून झाड ओळखता येत नाही. आणि विक्री वाढली की काढणी वाढते हे पण खरं, करटुल्याचा भाव चढला की पोरं खाली कंदासकट वेल उपटून आणतात, आपल्या परसात लावायला. त्यात नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी, नुसत्या नर वेली नेऊन लावल्या की फळ धरतच नाही, मग टाकून देतात. रान पण गेलं आणि परसही रिकामं.

तणनाशकाचा मुद्दा काहींना आवडणार नाही. भाताच्या बांधावर आता सर्रास फवारतात, मजूर मिळत नाही हे मला मान्य आहे, माझ्या भावाने पण मारलंय. पण घोळ, कुर्डू, पाथरी हे सगळं बांधावरचंच खाणं. केंद्र सरकारने 2022 मध्ये ग्लायफोसेट कुणी फवारायचं यावर बंधन घातलं, परवाना असलेल्या कीड नियंत्रणवाल्यांनीच, पण आपल्याकडे बाटली दुकानातून सहज मिळते आणि शेजारच्या बांधावरून बाई भाजी खुडून नेते तिला माहितच नसतं काल तिथे काय मारलंय. सगळं बंद करा म्हणत नाही. निदान शाळेच्या वाटेचा बांध, ओढ्याचा काठ आणि देवराईच्या कडेचा पट्टा इतकं तरी फवारणीतून सोडायचा ठराव करा. आणि जिथे मारलंय तिथे एक फडकं बांधून ठेवायचं, म्हणजे खुडणारीला कळेल.

मग मी मागते काय आहे? नोंदवही नव्याने करा. एका बैठकीत नाही, वर्षभर. वळवाच्या सरीनंतर शेवळं आणि फोडशीपासून सुरुवात, आषाढात टाकळा-कुर्डू, ते पण फुलावर यायच्या आधी कारण फुलल्यावर पाला निबर होतो, श्रावणात चाईचा मोहर, करटुली, भारंगी, मग फुलं-फळं, मग थंडीत कंद, मग उन्हाळ्यात मोह आणि बाळहिरडा. प्रत्येक वेळी अर्धा दिवस रानात चालायचं, पुढे जाणती बाई, मागे शाळेची पोरं वही घेऊन. पोरं लिहितील, गुरुजी तपासतील, आणि प्रत्येक झाडाच्या खाली कुणी सांगितलं तिचं नाव असेल, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावामागे लपवलेलं नाही. प्रत्येक झाडाला चार गोष्टी हव्यातच, कुठला भाग, कधी, कसं करून खायचं, आणि कशाशी गफलत होते. हा शेवटचा रकाना सरकारी फॉर्ममध्ये नसला तरी आपण हाताने आखू.

आणि त्या बायांना मानधन द्या. फुकट नाही. त्यांचा अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी बुडते. पेसाचा 5 टक्के अबंध निधी आपल्याला येतो, त्यात निसर्ग आणि जैवविविधतेच्या कामाला जागा आहे, ग्रामसभेने ठरवलं की होतं. तज्ज्ञ म्हणून बाहेरून माणूस आला असता तर त्याचं गाडीभाडं, जेवण, मानधन आपण न कुरकुरता दिलं असतं ना, मग ही तज्ज्ञच आहे. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, शाळेत गेल्या नाहीत, गावरान बियाणं जपलं, 2020 ला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. तशाच जाणत्या आपल्या वाडीत बसल्यात, त्यांना पद्मश्री नको, निदान आपण वहीत नाव लिहू.

शाळेतल्या मॅडमना एक वेगळी विनंती. पोषण आहाराची परसबाग आहे त्यात मेथी-पालक लावता ते राहू द्या, पण एका कडेला करटुल्याचा नर आणि मादी असा जोडीने कंद, एक भारंगी, एक शेवग्याचं झाड आणि कुंपणाला गुळवेल लावता येईल. रोपं-कंद चुलती देईल, मी विचारलंय. अळिंब (मशरूम) मात्र पोरांना गोळा करायला लावू नका, कुणी कितीही सांगितलं तरी, त्यात चूक झाली की सुधारायला वेळ मिळत नाही.

माझ्या आजीबद्दल एकच सांगते. शेवटच्या वर्षात तिला दिसत नव्हतं. मी रानातून आणलेली जुडी तिच्या हातात द्यायचे आणि ती बोटांनी पान चोळून, वास घेऊन नाव सांगायची. टाकळ्याचा वास तर तिला दारातूनच यायचा. एकदा मी सात-आठ पाला एकत्र नेला, तिने एक एक करून मांडीवर वेगळे ठेवले आणि एक पान बाजूला काढून म्हणाली, "हे तू चुकून आणलंस, टाक." ते काय होतं ते मी तेव्हा विचारलं नाही, घाई होती, एसटी चुकली असती. आता विचारायला ती नाही आणि त्या पानाचा माझ्याकडे फोटो पण नाही.

1 मेच्या ग्रामसभेला मी येणार आहे, रजा टाकलीये. हा विषय अजेंड्यावर घ्या, लेखी अर्ज मी या पत्रासोबतच ऑफिसला देतेय. ठराव झाला तर मेअखेरीला वळवाचा पाऊस पडला की चौथ्या-पाचव्या दिवशी ओढ्याच्या वरच्या अंगाला शेवळं निघतात, चुलती म्हणाली सकाळी सहाला निघायचं, पोरांना पायात चप्पल नको बूट घालून आणा, तिथे काटे आहेत आणि इंगळ्या असतात. कोयता ती आणेल. वही-पेन आपण न्यायचं.

आपली,
मुळेच्या खोऱ्यातल्या आपल्याच गावची एक लेक